रिपोर्टमध्ये झीज आली, म्हणून पोळपाट ठेवून द्यायचं?

पत्र

माझं वय ५८. साताऱ्यात आमचं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे. सकाळी साडेपाचपासून अकरापर्यंत मी ओट्याशी उभी असते. हाताखाली एक बाई आहे. दोन वर्षांपासून कंबर अधूनमधून धरायची, पण या पावसाळ्यापासून अर्धा तास उभं राहिलं की कमरेतून मांड्यांपर्यंत कळ जाते. मंडईत चालत जाताना पाय जड होतात, मुंग्या येतात. कुठेतरी पायरीवर टेकलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये लंबर स्पॉन्डिलोसिस, फॅसेट आर्थ्रोसिस, ऑस्टिओफाइट्स, एल-४ एल-५ डिस्क स्पेस कमी, असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत, गॅप आलाय. वाकायचं नाही, उचलायचं नाही, पट्टा कायम लावायचा आणि हे काम आता बंद करायचं. तेव्हापासून मी फळीवर झोपते, केर काढत नाही, नातवाला उचलून घेत नाही. मेडिकलमधून गोळी आणते, ती घेतली की सकाळ निघते. बीपीची गोळी चालू आहे. जाऊबाई म्हणतात, पायाळू माणसाची लाथ मारून घे. शेजाऱ्यांचं मणक्याचं ऑपरेशन झालं, ते अजून नीट चालत नाहीत. केंद्र बंद करू का? दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेऊ की नको? पुढे अंथरूण धरावं लागेल का?

— एक वाचक, सातारा

उत्तर

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण अख्खं पत्र त्याच भीतीने लिहिलंय. अंथरूण धरावं लागेल असं तुमच्या पत्रात काही नाही. कमरेच्या सांध्यांची झीज चिवट असते, मधूनच उसळते, कधी महिना-दोन महिने पिच्छा सोडत नाही. पण बहुतेकांना ती अंथरुणाला खिळवत नाही. केंद्र बंद करायची घाईही नको. ओट्याशी सलग साडेपाच तास उभं राहणं मात्र थांबवावं लागेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पत्रावरून तपासणी होत नाही, त्यामुळे आधी काही गोष्टी तुमच्या तुम्हीच पडताळा. लघवी अडकते किंवा नकळत सुटते का? बसायच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आलाय का? चालताना एखादं पाऊल नीट उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, असं होतं का? यातलं एक जरी असेल तर हे पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारा ठणका असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी हवी. आपल्याकडे तो अजूनही सर्रास सापडतो. पूर्वी कधी कॅन्सर झाला असेल, किंवा न्हाणीत पाय घसरल्यापासून एकाच जागी जोराची कळ येत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात आणि मणका साध्या पडण्यानेही दबतो. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही हे खरं, पण लघवीचं कुणी पत्रात लिहीत नाही, म्हणून विचारलं.

आणखी एक. पाय जड होणं हे दर वेळी मणक्यामुळेच असतं असं नाही. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या भरून येतात, आणि बीपी असलेल्यांनी हे विसरू नये. फरक असा की रक्ताचा दोष असेल तर नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो. मणक्याचा असेल तर बसावं किंवा पुढे झुकावं लागतं. तुम्ही ‘टेकलं की’ लिहिलंत, त्यावरून तुमचं मणक्याचं असावं असा माझा अंदाज आहे. तरी डॉक्टरांना पावलांची नाडी हाताने बघायला सांगा. एक मिनिटाचं काम आहे. मुंग्यांसाठी साखर आणि बी-१२ही तपासून घ्या.

आता तुमचा रिपोर्ट. तो वाचून तुम्ही घाबरलात, आणि खरं सांगायचं तर तो ज्या सुरात तुम्हाला वाचून दाखवला गेला त्याने जास्त घाबरलात. २०१५ साली एका अमेरिकन नियतकालिकात एक पाहणी आली. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या मणक्यांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन, असे ३३ अभ्यास एकत्र केलेले, एकूण ३,११० माणसं. साठीच्या आसपासच्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांत ८८ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या (म्हणजे डिस्क) झिजलेल्या होत्या. निम्म्यांच्या मागच्या सांध्यांत, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधल्या फॅसेट सांध्यांत, झीज होती. विशीतल्या पोरांतसुद्धा ३७ टक्क्यांच्या गाद्यांत बदल दिसले. तुमच्या केंद्रावर डबा न्यायला येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या सगळ्यांच्या मणक्यांचे फोटो काढले तर बऱ्याच जणांचा रिपोर्ट तुमच्यासारखाच येईल, आणि ते लोक रोज पिशवी उचलून मजेत घरी जातात.

याचा अर्थ तुमचं दुखणं खोटं असा नव्हे. फोटोतली झीज आणि दुखण्याची तीव्रता यांचा सरळ हिशेब लागत नाही, एवढंच. तुमच्यापेक्षा वाईट फोटोवाली माणसं शेतात खुरपायला जाताना मी पाहते, आणि स्वच्छ फोटोवाली तरणी पोरं कमरेला हात लावून माझ्याकडे येतात. ‘गॅप’चं तर उलटच आहे. मणक्यांत काही फट पडलेली नाही. मधली गादी चपटी होऊन अंतर कमी झालंय. फट बुजवायचं तेल किंवा औषध विकणारा कुणी भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

मग दुखतंय काय? दर दोन मणके तीन ठिकाणी जोडलेले असतात. पुढे गादी आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक छोटा सांधा. हे मागचे सांधे गुडघ्यासारखेच असतात, आत गुळगुळीत कूर्चा, वंगण, बाहेरून आवरण. वयानुसार गादीतलं पाणी कमी होतं, तिची उंची घटते आणि जो भार ती घ्यायची त्यातला बराचसा मागच्या सांध्यांवर येतो. ते सांधे जाडावतात, कडांना हाड वाढतं (तेच तुमचे ऑस्टिओफाइट्स), आतली बंधनीही (लिगामेंट) फुगते. पायांकडे जाणाऱ्या नसा याच सांध्यांच्या पुढून जातात, त्यामुळे त्यांची वाट अरुंद होत जाते. हॉलंडमधले न्यूरोसर्जन फर्बीस्ट यांनी १९५४ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं: उभं राहिलं, चाललं की पाय बधिर, बसलं की मोकळे.

ताई, आता नीट लक्ष द्या. ताठ उभं राहिलं किंवा मागे झुकलं की मागचे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि नसांची वाट आणखी आवळते. पुढे झुकलं, बसलं की ती मोकळी होते. तुमच्या बाबतीत नेमकं हेच घडतंय: उभं राहिलं की कळ, पायरीवर बसलं की आराम. आणि सल्ला काय मिळाला, तर वाकू नका! जी हालचाल तुम्हाला आराम देते तीच तुम्ही भीतीपोटी बंद करून बसलात, आणि पट्टा लावून ताठ उभ्या राहताय. एक्स-रेपेक्षा तुमच्या पायांना जास्त कळतंय, त्यांचं ऐकायचं.

पुढच्या वेळी मंडईत गेलात की एक करून बघा. पाय जड व्हायला लागले की पायरी शोधण्याआधी एखाद्या हातगाडीच्या कडेला दोन्ही हात टेकून जरा पुढे ओणवं व्हा. बरं वाटलं तर माझा अंदाज पक्का समजा. साताऱ्यात चढ-उतार भरपूर, त्याचाही फायदा घ्या: चढावर माणूस आपोआप पुढे झुकतो, उतारावर मागे रेलतो. चढ सोपा आणि उतार अवघड जात असेल तर तीही याचीच खूण. मग चढाला चालत जा आणि उताराला रिक्षा करा. लोकांना विचित्र वाटलं तर वाटू दे.

आता ओटा. खरी दुरुस्ती इथेच करायची आहे.

पहिलं म्हणजे पायाखाली पाट. चार-सहा इंच उंचीचा साधा लाकडी पाट किंवा वीट ओट्याखाली ठेवा आणि एक पाय त्यावर. एक पाय उचलला की कमरेची मागची खोलगट कमान आपोआप सैल होते. दर पंधरा-वीस पोळ्यांनी पाय बदला. ओट्याचं खालचं कपाट आडवं येत असेल तर त्याचं दार काढून टाका आणि पाट आत सरकवा. पाऊल आत गेलं की तुम्हीही ओट्याच्या जवळ येता आणि हात लांबवावे लागत नाहीत.

दुसरं, लाटणं बसून. उंच स्टूल आणा, बारमध्ये असतं तसं नको, पाय टेकायला दांडी असलेलं, पाठ टेकता येईल असं. कोपर पोळपाटाच्या थोडं वर राहायला हवं, म्हणजे वजन हाताने टाकता येतं, खांदे उचलावे लागत नाहीत. भाजणं उभ्याने होतं, लाटणं बसून होतं. तर तुम्ही लाटा आणि बाईंनी भाजावं, अर्ध्या तासाने हवं तर अदलाबदल. बसून लाटल्यावर पोळ्या गोल येत नाहीत असं मला एकीने सांगितलं होतं. आठवड्यात येतात.

कणीक मळणं हे सगळ्यात वाईट, कारण त्यात माणूस अर्धवट वाकलेला, वरून जोर, आणि परात घसरू नये म्हणून पोट आवळलेलं. रोजच्या पाच-सात किलो पिठाला मळायचं यंत्र परवडतं का ते बघा. केंद्राचं उत्पन्न आणि तुमच्या दवाखान्याच्या फेऱ्या शेजारी शेजारी लिहून काढा, मग ठरवा.

तिसरं, घड्याळ. तुम्हाला कळ अर्ध्या तासाने येते. मग विसाव्या मिनिटाला बसायचं, कळ आली नसली तरी. दोन-तीन मिनिटं खुर्चीवर बसून, पाय फाकवून, हात गुडघ्यांमधून जमिनीकडे सोडायचे आणि मान सैल टाकायची. दुखेपर्यंत रेटायचं आणि मग कोसळायचं, ही आपल्या बायकांची सवय आहे. ‘एवढा घाणा संपू दे’ म्हणत म्हणत सकाळ जाते. मोबाईलवर गजर लावा आणि तो वाजला की तवा खाली घ्या.

रोजचे डबे वरच्या फडताळातून खाली आणा. टाचा उंचावून हात वर केला की कंबर मागे वाकते, आणि तुम्हाला तेच नको. तेलाचा पंधरा किलोचा डबा मात्र तुम्ही उचलू नका. छोट्या किटलीत काढून घेतलेलं तेल वापरा. वजन उचलायला कायमची बंदी नाही. गुडघे वाकवून, वस्तू पोटाशी धरून, वळताना कमरेतून न पिळता पावलं टाकून वळा, एवढं पुरे. नातवाला जमिनीवरून उचलण्याऐवजी सोफ्यावर चढायला शिकवा आणि तिथून घ्या. केर काढा, लांब दांड्याच्या झाडूने काढा.

दिवाळी. ऑर्डरी घ्या, पण गेल्या वर्षीच्या निम्म्या. शंकरपाळे, चिवडा, शेव टिकतात, ते आधी उरकून ठेवा, म्हणजे शेवटच्या चार दिवसांत सगळं अंगावर येत नाही. करंज्या भरणं बसून होतं, ते तुमचं. चकलीचा सोऱ्या दाबायला जोर लागतो, त्याला घरातला तरणा हात लावा. तळणीपाशी तुम्ही उभ्या राहायचं असेल तर पाट आणि गजर तिथेही. ऑर्डर नाकारताना कमरेचं कारण सांगायची गरज नाही. ‘यंदा भरलं’ एवढं म्हटलं की माणसं पुढच्या वर्षी लवकर येतात.

व्यायाम सकाळी उठल्याउठल्या नको. रात्रभर झोपल्यावर गाद्या पाणी शोषून टरारलेल्या असतात आणि कंबर आखडलेली असते. अकराला केंद्र आवरलं की जेवणाआधी करा. चटईवर उताणं झोपा, जमिनीवर बसणं-उठणं अवघड असेल तर पलंगावर. गुडघे वाकवून तळपाय टेकवा. कंबर आणि चटई यांच्यामध्ये तळहात जाईल एवढी पोकळी असते. आपला हात घालून बघा. आता पोट हळूच आत घेऊन ती पोकळी बुजवायची, कमरेने हात चेपला गेला पाहिजे. मनात पाच मोजा, सोडा. श्वास रोखायचा नाही, तुम्हाला बीपी आहे. असं दहा वेळा. मग एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढून वीस मोजा, दुसरा, मग दोन्ही एकदम. इथेच बऱ्याच जणी ‘अहाहा’ करतात. त्यानंतर तळपाय टेकलेले असताना नितंब वीतभर वर उचला, सेतुबंधासनासारखं पण अर्धवट. छाती उंच करून कमान करायची नाही. शेवटी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठ-दहा वेळा. हे शेवटचं मला सगळ्यात प्रिय आहे, कारण मांड्या मजबूत असल्या की वाकायचं काम त्या करतात आणि कंबर सुटते.

कंबरदुखी म्हटलं की कुणीतरी भुजंगासन सांगतंच. गादी सरकलेल्या काही जणांना त्याने बरं वाटतं. तुमच्या प्रकारात ते मागच्या सांध्यांवर आणखी दाब देतं, म्हणून सध्या नको. व्यायामाने स्नायू थोडे आंबले तर हरकत नाही. पायातली कळ वाढली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत राहिली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. सोडून देऊ नका.

चालण्याबद्दल ऑस्ट्रेलियात एक चांगली चाचणी झाली, २०२४ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये आली. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ जण. अर्ध्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत चालायला लावलं. पुन्हा कंबर धरेपर्यंत चालणाऱ्यांचे साधारण २०८ दिवस गेले, बाकीच्यांचे ११२. ते लोक तुमच्यासारखे पाय जड होणारे नव्हते, म्हणून तुमचा नियम थोडा वेगळा: पाय जड व्हायच्या आत बसायचं. दहा मिनिटांनी जड होत असतील तर सात मिनिटं चाला, बसा, परत सात. घरात जुनी सायकल असेल तर ती स्टँडवर लावून चालवा. सायकलवर माणूस पुढे झुकलेला असतो, त्यामुळे या दुखण्यातले बरेच लोक चालण्यापेक्षा जास्त वेळ सायकल मारू शकतात.

आता तुमची गोळी, आणि इथे मी जरा रागावणार आहे. मेडिकलमधून मागितली की मिळते ती बहुतेक डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल यांची मिसळ असते, कधी वर स्नायू सैल करणारं औषधही. ती घेऊन सकाळ निघते, कबूल. पण रोज, महिनोन्महिने, बीपीच्या गोळीसोबत? या गटातल्या गोळ्या बीपी वाढवतात, जठराला अल्सर करतात आणि किडनीवर भार टाकतात. बीपीच्या काही गोळ्यांसोबत तो धोका वाढतो. आपल्याकडची गिधाडं आठवतात? डायक्लोफेनॅक टोचलेल्या गुरांचं मांस खाऊन त्यांच्या किडन्या बंद पडल्या आणि ती लाखोंनी मेली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. माणसाला ते गिधाडासारखं लागत नाही, पण चणे-फुटाणेही नाहीत ते. या आठवड्यात गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव घेऊन तुमच्या बीपीच्या डॉक्टरांकडे जा, किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करा, आणि दुखणं उसळेल तेव्हा किती दिवस, जेवणानंतर कुठली गोळी चालेल ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. बाकीच्या दिवशी गरम पाण्याच्या पिशवीचा पंधरा-वीस मिनिटं शेक. तेल लावायचं असेल तर लावा, तिळाचं, निर्गुडीचं, जे घरी असेल ते. चोळण्याने आणि उबेने बरं वाटतं, सांधा काही भरून येत नाही.

सांधे भरून काढतात म्हणून ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्या कुणी सुचवील. नॉर्वेत नेमक्या तुमच्याच प्रकारच्या, कमरेची झीज असलेल्या २५० जणांना सहा महिने त्या देऊन पाहिल्या. २०१० साली निकाल आला, साध्या खोट्या गोळीपेक्षा काही फरक नाही. आणि पुडीतली ‘वाताची’ औषधं, ज्यांनी दोन दिवसांत जादू होते, ती तर घरातच आणू नका. अशा पुड्यांत चोरून स्टेरॉइड घातलेलं अनेकदा सापडलंय. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केलं तर जिवावर बेततं.

पट्टा हळूहळू सोडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टे आणि वजन लावून ताणणं, दोन्ही नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलंय. एसटीने लांब जायचं असेल किंवा फराळाचा एखादा जड दिवस असेल तर तासाभरासाठी लावा. मागची सीट मात्र कधीच घेऊ नका.

फळीही काढा. स्पेनमध्ये ३१३ जणांच्या झोपायच्या गाद्या बदलून पाहिल्या, २००३ साली; कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवरच्यांचं दुखणं जास्त कमी झालं. साधी कापसाची, न दबलेली गादी पुष्कळ. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उताणं झोपायचं तर उशी गुडघ्यांखाली.

पायाळू माणसाची लाथ... जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. उसण आपोआपच चार-आठ दिवसांत जाते, त्यामुळे लाथ मारणाऱ्याला श्रेय मिळतं. उद्या मारणारा जरा धडधाकट निघाला आणि तुमची हाडं आतून ठिसूळ असली तर मणका दबेल. पाय नुसता लावून घ्यायचा असेल तर घ्या, मी अडवत नाही. या निमित्ताने हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासायला मात्र सांगते.

एमआरआय लगेच नको. तो काढला की रिपोर्टमध्ये आणखी चार भीतीदायक शब्द येतील आणि तुमचा उपचार बदलणार नाही. वर लिहिलेली धोक्याची खूण दिसली, किंवा तीन महिने नीट प्रयत्न करूनही चालण्याचं अंतर घटतच गेलं, तर काढा. इंजेक्शन सुचवतील. नसांभोवती स्टेरॉइड दिलं की काहींना काही आठवडे उसंत मिळते, त्या उसंतीत व्यायाम झाला तर उपयोग. नाहीतर पैसे गेले.

ऑपरेशनबद्दल शेजाऱ्यांवरून ठरवू नका. त्यांना काय झालं होतं, काय केलं, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. नसांची वाट अरुंद झालेल्या अनेकांची लक्षणं वर्षानुवर्षं तेवढीच राहतात, काहींची कमीही होतात, म्हणून पायांत शक्ती असेपर्यंत थांबायला वेळ असतो. शंभर पावलंही चालवेना, घराबाहेर पडणं बंद झालं, तर ऑपरेशन चांगला पर्याय आहे. पायांचं दुखणं त्याने बऱ्यापैकी जातं, कमरेचं तेवढं भरवशाने जात नाही. ती वेळ आलीच तर सर्जनला एवढं विचारा: नुसती नस मोकळी करणार, की स्क्रूही टाकणार, आणि स्क्रू कशासाठी? स्वीडनमध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी तपासल्या. २०१६ साली आलेल्या निकालात दोन वर्षांनी रुग्णांच्या तब्येतीत फरक नव्हता, स्क्रूवाल्यांचे हॉस्पिटलातले दिवस आणि खर्च तेवढे जास्त होते. मणका सरकत असेल, अस्थिर असेल, तर स्क्रूला कारण असतं, आणि ते कारण उभ्याने, वाकून काढलेल्या एक्स-रेवर तुम्हाला दाखवता येतं. दाखवायला सांगा. घाई करत असतील तर फोटो आणि रिपोर्ट मागून घ्या आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. मूळ फोटो तुमचे आहेत, कुणाकडे ठेवून येऊ नका.